सहा डबे आणि एक डावा गाल

मे महिन्यातली संध्याकाळ होती. ताई बोरिवलीतल्या माझ्या दवाखान्यात आल्या त्या दोन पिशव्या घेऊन. एकीत भाजी, दुसरीत डबे. "चालू असलेलं सगळं घेऊन या," असं आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने फोनवर सांगितलं होतं, आणि त्यांनी खरोखरच सगळं आणलं होतं. टेबलावर एकापुढे एक सहा डबे मांडले गेले, तेव्हा माझं प्रिस्क्रिप्शनचं पॅड ठेवायला जागा उरली नाही.

वय ४७. चर्चगेटजवळच्या सरकारी कचेरीत २२ वर्षं नोकरी. थायरॉईड कमी असल्याने नऊ वर्षांपासून थायरॉक्सिनची गोळी. सहा वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. त्यांचं नाव मी इथे देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. दवाखान्यात मी त्यांना ताईच म्हणते, इथेही तेच चालेल.

तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगते. "डॉक्टर, दीड वर्ष झालं, एवढं सगळं घेतेय, तरी चेहरा सुकत चाललाय. हे वांग बघा. केस तर मुठीने जातायत. मला वय आतून थांबवायचंय."

हा "आतून" शब्द आजकाल मी रोज ऐकते. पार्लरमध्ये, भिशीत, लेडीज डब्यात, मोबाईलवरच्या जाहिरातीत, सगळीकडे तोच. वरून लावायची क्रीम म्हणजे वरवरचा उपाय आणि गोळी म्हणजे मुळावरचा इलाज, असा एक समज पक्का बसला आहे.

डब्यांची अक्षरं इतकी बारीक होती की मोबाईलचा टॉर्च लावून वाचावी लागली. पहिल्यात पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी: ग्लुटाथायोन ५०० मिलिग्रॅम, सोबत व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम. ही पार्लरवालीने दिलेली. दुसऱ्यात चघळायची व्हिटॅमिन सीची गोळी, ५०० मिलिग्रॅम. कोविडमध्ये सुरू झाली आणि बंद करायला कुणी सांगितलंच नाही म्हणून चालू राहिली. तिसऱ्यात व्हिटॅमिन ई ४०० ची कॅप्सूल. ती पोटातही जायची, आणि दर रविवारी सेफ्टी पिनेने टोचून चेहऱ्यालाही लागायची. चौथा डबा "केस-त्वचा-नखं" वाल्या गोळ्यांचा: बायोटिन १० मिलिग्रॅम, झिंक, सेलेनियम. पाचव्यात केशरी कॅप्सूल, त्यात बीटा कॅरोटीन, लायकोपीन आणि द्राक्षाच्या बियांचा अर्क. ही लोकलच्या ग्रुपमधली एक मैत्रीण विकते. सहावा कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) पावडरचा, त्यातही व्हिटॅमिन सी. यातलं बहुतेक सगळं अँटिऑक्सिडंट, म्हणजे शरीराला इजा करणारे तापट रेणू शमवणारं, म्हणून विकलं जातं. महिन्याचा खर्च साडेचार हजारांच्या घरात. प्रत्येक डब्यावर इंग्रजीत एक बारीक ओळ होती, औषधी वापरासाठी नाही अशा अर्थाची.

यातला एकही डबा सुटा पाहिला तर भयंकर वाटत नाही. गंमत बेरजेत आहे. मी पॅडच्या मागच्या बाजूला व्हिटॅमिन सी मांडलं: फसफसणारी ५००, चघळायची ५००, पावडरीतलं दीडशे, केसांच्या गोळीतलं थोडं. अकराशेच्या वर. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीला रोज ६५ मिलिग्रॅम पुरे म्हटलं आहे. आणि रक्ताची व्हिटॅमिन सी धरून ठेवायची ताकद मर्यादित असते. रोजचे दोनशे-चारशे मिलिग्रॅम पोटात गेले की रक्तातली पातळी जवळजवळ भरते, वरचं लघवीवाटे जातं. जाताना त्यातल्या काहीचं ऑक्झलेट होतं, आणि मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या २३ हजारांवर पुरुषांच्या पाहणीत व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं होतं. ती पाहणी पुरुषांची होती हे खरं. पण ज्यांना एकदा खडा होऊन गेलाय त्यांच्या हातात मी हा डबा ठेवणार नाही.

"खड्याचं तुम्ही पार्लरमध्ये सांगितलं होतंत?"

"त्यांना कशाला सांगायचं? ही काय औषधं थोडीच आहेत!"

आता माझी चूक. पहिल्या भेटीत मी फसले. ताईंच्या फाईलमध्ये थायरॉईडचे रिपोर्ट होते: वर्षभरात दोनदा टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक) खूप कमी, टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) जास्त. म्हणजे गोळीचा डोस अति होतोय असा अर्थ. त्यांच्या डॉक्टरांनी थायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅमवरून ७५ आणि मग ५० वर आणलं होतं. मी रिपोर्ट पाहिला, "बरं" म्हटलं, कोरड्या त्वचेसाठी मॉइश्चरायझर लिहिलं, सनस्क्रीन लिहिलं, आणि दहा दिवसांनी यायला सांगितलं. डबे एवढे वाचले, पण चौथा डबा आणि हा कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

दहा दिवसांनी त्या आल्या, त्या हातांची तक्रार घेऊन. तळहात पिवळे. नुसते पिवळसर नव्हेत, हळदीचं लोणचं कालवून हात पुसल्यासारखे. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीतही तोच रंग. घरच्यांनी कावीळ ठरवून उसाचा रस सुरू केला होता. पण डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच होता, आणि बिलिरुबिनचा रिपोर्ट नॉर्मल. काविळीत डोळे पिवळे होतात, कॅरोटीन साचलं की होत नाहीत. केशरी कॅप्सूल, वर सकाळी गाजर-बीटचा ग्लासभर रस. शरीर बीटा कॅरोटीनचं व्हिटॅमिन एमध्ये रूपांतर करतं, पण गरजेपुरतंच, आणि उरलेलं त्वचेच्या जाड थरात साठत जातं. तळहात-तळपायांची त्वचा सगळ्यात जाड, म्हणून रंग तिथे आधी दिसतो.

तो हात हातात घेतला तेव्हा दुसरंच काहीतरी खटकलं. मुंबईचा मे महिना, माझ्या दवाखान्यातला एसी बंद, माझ्या कपाळाला घाम, आणि ताईंचा तळहात कोरडा, गार. नाडी मोजली, ५८. थायरॉईड जास्त झालेल्या माणसाची नाडी धावते, हात ओलसर-गरम असतो, वजन उतरतं. ताईंचं चार किलो वाढलं होतं, बोलणं संथ झालं होतं, पापण्या सुजल्यासारख्या होत्या. कागद म्हणत होता थायरॉईड जास्त, समोरची बाई म्हणत होती कमी. थायरॉईड मंदावला की कॅरोटीनचं रूपांतरही मंदावतं, म्हणजे पिवळे हातही त्याच बाजूने साक्ष देत होते.

उत्तर चौथ्या डब्यात होतं. अनेक लॅबमध्ये टीएसएच मोजायच्या किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन या दोन रेणूंची जोडी गोंदासारखी वापरतात, कारण ते एकमेकांना घट्ट धरतात. पेशंटच्याच रक्तात बायोटिनचा सुळसुळाट असेल तर ते आधीच रुमाल टाकून सगळ्या जागा अडवून बसतं. मग टीएसएच असूनही यंत्राला दिसत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. टी-फोर मोजायची पद्धत उलटी असते, त्यामुळे तो खोटा जास्त येतो. दोन्ही मिळून थायरॉईड वाढल्याचं हुबेहूब चित्र तयार होतं. शरीराला बायोटिन लागतं रोज तीस-चाळीस मायक्रोग्रॅम. ताईंच्या गोळीत दहा हजार होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याचा जाहीर इशारा दिला होता. तो फक्त थायरॉईडपुरता नाही. हार्ट अटॅकच्या निदानासाठी होणारी ट्रोपोनिनची तपासणीही यात चुकू शकते, आणि अशा चुकीच्या रिपोर्टनंतरच्या एका मृत्यूची नोंद त्या इशाऱ्यात आहे.

बायोटिन बंद करून दोन-तीन दिवसांत तपासणी चालते. मी आठवडा घेतला. टीएसएच आला १४.२. म्हणजे थायरॉईड खरोखर कमीच होता.

मग दीड वर्षाचा उलगडा झाला. केस थोडे गळत होते म्हणून चौथा डबा आला. त्याने रिपोर्ट बिघडवला. रिपोर्टमुळे थायरॉक्सिन कमी झालं. थायरॉक्सिन कमी झाल्याने त्वचा सुकली, केस आणखी गळले. म्हणून पाचवा आणि सहावा डबा आला. ज्या डॉक्टरांनी डोस उतरवला त्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्यासमोर कागद होता, डबा नव्हता. माझ्यासमोर दोन्ही होते, तरी दहा दिवस गेले. त्यांना फोन केला, डोस परत १०० वर गेला.

हे झालं कोरडेपणाचं. वांग राहिलंच होतं.

आणि वांग एकाच बाजूचं होतं. म्हणजे उजव्या गालावरही होतं, पण पुसट. डाव्या गालाच्या हाडावर मात्र गडद तपकिरी नकाशा, डोळ्याच्या डाव्या कडेला बारीक सुरकुत्यांचा पंखा, आणि त्याच बाजूला मानेवर काळपटपणा. झोपता कोणत्या कुशीवर, फोन कोणत्या कानाला लावता, हे विचारून झालं. काही जुळेना. मग सहज विचारलं, कचेरीत कशा जाता?

"आठ वाजून गेल्यावरच्या लोकलने. बोरिवलीहूनच सुटते ना, त्यामुळे विंडो मिळते. हवेची, म्हणजे गाडी जाते त्या दिशेला तोंड असलेली. आमचा ग्रुप ठरलेला आहे, डाव्या बाजूला."

"आणि येताना?"

"येताना चर्चगेटला गाडी लागली की पळायचं. परत तीच, डावीकडची हवेची."

मी कागदावर उभी रेघ काढली. वर बोरिवली, खाली चर्चगेट. पश्चिम रेल्वेचा हा मार्ग साधारण उत्तर-दक्षिण आहे. सकाळी दक्षिणेकडे तोंड करून बसलं की डावा हात पूर्वेला, आणि ऊन पूर्वेकडून. संध्याकाळी उत्तरेकडे तोंड करून बसलं की डावा हात पश्चिमेला, आणि ऊन पश्चिमेकडून. दोन्ही वेळा उघड्या खिडकीतून तासभर ऊन डाव्याच गालावर. वर्षातले रविवार आणि सुट्ट्या वगळा, आणि २२ ने गुणा.

ताईंनी तो कागद फिरवून फिरवून पाहिला. मग डावा हात पुढे केला आणि घड्याळ सरकवलं. पट्ट्याखालची त्वचा दुधाळ, वरची-खालची चहाच्या रंगाची. उजवा हात शेजारी ठेवला, तो दोन छटांनी उजळ. "हा हात मी खिडकीच्या कडेवर ठेवते," त्या म्हणाल्या.

वैद्यकीय साहित्यात याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं माल पोचवायचा ट्रक चालवलेला माणूस. खिडकीकडची डावी बाजू जाड, लोंबलेली, खोल सुरकुत्यांची. उजवी बाजू जणू धाकट्या भावाची. त्याची तर काच होती. काच उन्हातले यूव्हीबी हे अतिनील किरण अडवते, पण यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांचा बराच भाग आत सोडते, आणि तो त्वचेच्या खोल थरापर्यंत पोचतो. आपल्या सावळ्या त्वचेत सुरकुत्या उशिरा येतात, डाग आधी येतात. एवढाच फरक.

मी ताईंना जे विचारलं तेच इथे लिहिते. गोळी पोटातून रक्तात जाते. रक्त दोन्ही गालांना सारखंच मिळतं. आतून अँटिऑक्सिडंट कमी पडत असते तर फक्त डावाच गाल का म्हातारा झाला असता?

म्हणजे अँटिऑक्सिडंट ही थाप आहे का? तसंही नाही. उन्हाने त्वचेत ऑक्सिजनचे तापट रेणू तयार होतात, त्यांनाच मुक्त मूलकं म्हणतात. ते रंगपेशींना डिवचतात आणि कोलॅजन कातरणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) जागं करतात. ही प्रक्रिया खरी आहे. मुक्त मूलकांमुळे म्हातारपण येतं ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडली, आणि तेव्हापासून "मग मूलकांना गिळणारे पदार्थ खाऊ या" हा पुढचा विचार इतका सरळ वाटतो की सगळी बाजारपेठ त्यावर उभी आहे. विचार सरळ असला तरी शरीर तसं चालत नाही. त्वचेकडे स्वतःचं ग्लुटाथायोन आहे, स्वतःची विकरं आहेत, तेलग्रंथींतून येणारं व्हिटॅमिन ई आहे. ज्याच्याकडे व्हिटॅमिन सी खरंच कमी आहे त्याचं कोलॅजन कच्चं राहतं, हिरड्या फुटतात; त्याला गोळी द्याल तर चमत्कार दिसेल. भरलेल्या हंड्यात आणखी ओतून काय होतं, हा वेगळा प्रश्न.

त्याची उत्तरं प्रयोगांत आहेत. १९९८ मधल्या एका लहानशा जर्मन प्रयोगात रोज २ ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि हजार युनिट ई आठ दिवस दिल्यावर त्वचा लाल व्हायला सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त यूव्ही लागलं. २००१ मधल्या दुसऱ्या प्रयोगात रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट ऑलिव्ह तेलासोबत दहा आठवडे खाल्ल्यावर लाली सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरली. परिणाम आहे, पण सनस्क्रीनच्या मानाने अगदी किरकोळ, आणि मोजली ती लाली, म्हातारपण नव्हे. ग्लुटाथायोनच्या गोळ्यांचा थायलंडमध्ये ६० वैद्यकीय विद्यार्थ्यांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला. मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, काही ठिकाणी थोडं उतरलं. पण मेलॅनिन हीच आपली उन्हातली छत्री. ती पातळ करून वय कसं थांबणार, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ऑस्ट्रेलियातल्या नाम्बूर गावातला प्रयोग. तिथे पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांच्या हातांच्या पाठीचे सिलिकॉनचे ठसे घेतले आणि साडेचार वर्षांनी पुन्हा घेतले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना मनाला येईल तेव्हा. शिवाय काहींना रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना नुसती साखरेची गोळी. २०१३ मध्ये निकाल आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. बीटा कॅरोटीनने एकूणात काही फरक पडला नाही. ताईंचा केशरी डबा आणि त्यांचं सनस्क्रीन एकाच मैदानात उतरवलेला प्रयोग याहून चांगला मिळणं कठीण.

सनस्क्रीन त्या "लावत होत्याच". ५० ग्रॅमची ट्यूब वर्षभर पुरली होती. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लावलं तर ती ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपते. महिन्याला साडेचार हजारांचे डबे घेणारी बाई सनस्क्रीन मात्र अत्तरासारखं वापरते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता चिडत नाही.

जाता जाता विचारलं, घरात आणखी कोण हे घेतं? ताई चपापल्या. केशरी डबा एकावर एक फ्री होता, म्हणून एक कॅप्सूल मिस्टरांना. मिस्टर सिगारेट ओढतात. सासूबाईंना ई ४००, "हातपाय कोरडे पडतात म्हणून". सासूबाईंना स्टेंट घातलेला, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या प्रयोगात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. आणि व्हिटॅमिन ईचे मोठे डोस रक्त गोठण्यात अडथळा आणतात. एरवी मी डबे एकदम बंद करत नाही, माणूस बिथरतो. पण हे दोन त्याच संध्याकाळी बंद करायला लावले.

ताईंचं पुढे असं ठरलं: सहाही डबे कपाटात. लोहाचा रंग असलेलं सनस्क्रीन, कारण सावळ्या त्वचेत वांगाला दिसणारा उजेडही खतपाणी घालतो आणि तो साध्या सनस्क्रीनने अडत नाही. सकाळी एकदा, चर्चगेटहून निघण्याआधी पुन्हा एकदा, पावसाळ्यातही. रात्री ॲझेलेइक ॲसिडचं मलम. (केमिस्टकडून परस्पर घेतलेली तीन औषधांची मिसळ नव्हे, तिच्यातल्या स्टिरॉइडने पातळ झालेले गाल मी दर आठवड्याला पाहते.) ताटाबद्दल फार बोलावं लागलं नाही. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी असतं, म्हणजे तीन दिवसांची सोय. आणि टोमॅटो शिजवून त्यावर तुपाची फोडणी दिली की लायकोपीन अंगी लागतं; त्या पेस्टच्या प्रयोगाचं आपल्याकडचं नाव टोमॅटोचं सार. गाजराचा रस हात उतरेपर्यंत बंद.

आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१. त्वचेची खवल पडायची थांबली, बोलण्याचा वेग परत आला. हात साधारण तीन महिन्यांनी मूळ रंगावर आले. सहाव्या महिन्यातल्या फोटोत डावीकडचा नकाशा उतरला होता, गेला नव्हता. डोळ्याकडेचा पंखा जिथल्या तिथे. त्यासाठी पुढच्या थंडीत ट्रेटिनॉइनचं मलम सुरू करायचं ठरलं आहे. कोलॅजनचा डबा त्यांनी पुन्हा काढल्याचं मला रिसेप्शनवरून कळलं. त्यात बायोटिन नाही हे त्यांनी आधी वाचून घेतलं होतं, आणि काही प्रयोगांत त्याने ओलावा थोडा वाढलेला दिसतो, म्हणून मी वाद घातला नाही.

खिडकी त्यांनी सोडली नाही. बाजू बदलली. आता उजवीकडच्या हवेच्या विंडोत बसतात, जाता-येता दोन्ही वेळा सावलीत. यासाठी ग्रुपमध्ये बरंच राजकारण झालं म्हणे.

गेल्या भेटीत सोबत लोकलमधली मैत्रीण आली होती, केसांसाठी. ताईंनी खुर्चीवर बसायच्या आधीच फर्मावलं, "डॉक्टर, आधी हिचा डावा गाल बघा. ही पण २२ वर्षं माझ्याच बाकावर आहे." मी दिव्याखाली दोन्ही बाजू पाहिल्या. डाग नाही, फरक नाही.

"यांचे दोन्ही गाल सारखेच आहेत."

"असणारच," मैत्रीण म्हणाली. "२२ वर्षं चौथ्या सीटवर काढलीत. हिने कधी विंडो दिलीये का मला?"